कोणती ट्यूब संपली?

धनत्रयोदशीला सराफांकडे आणि भांड्यांच्या दुकानांत पाय ठेवायला जागा नसते, तेव्हा आमचा काउंटर बऱ्यापैकी निवांत असतो. आमची गर्दी असते पाडव्याची आणि भाऊबीजेची. आणि ज्या घरात नवा जावई आला असेल, तिथल्या दिवाळसणाची. या तिन्ही प्रसंगांची उत्तरं पूर्वी ठरलेली होती: बायकोला साडी, बहिणीच्या ताटात पाकीट, जावयाला अंगठी. आता साड्यांनी कपाटं भरलीत, पाकीट देणाऱ्यालाच कोरडं वाटतं आणि अंगठीचा भाव विचारायचीही सोय उरलेली नाही. मग घरात कुणीतरी म्हणतं, "या वेळी त्याच्या आवडीचं काहीतरी देऊ या." तेवढं एक वाक्य घेऊन माणूस आमच्या दुकानाची पायरी चढतो.

दुकान पुण्यात, अप्पा बळवंत चौकापासून चार पावलांवर. रंग, कागद, ब्रश, कॅनव्हास, कॅलिग्राफीच्या निबा, भरतकामाचे धागे, लोकर, क्रोशाच्या सुया, शाडू, बुद्धिबळाचे पट असं सगळं आम्ही ठेवतो. चौकातली पुस्तकांची दुकानं जूनमध्ये गजबजतात, आमचा सीझन दसऱ्यानंतरचा. अशाच एका सीझनपुरती म्हणून मी कामाला लागले आणि इथलीच झाले.

भेट कशी निवडावी, हे मला माल विकताना फारसं कळलं नव्हतं. ते शिकवलं बदलून न्यायला येणाऱ्यांनी. मालकांचा, म्हणजे आम्ही ज्यांना काका म्हणतो त्यांचा, नियम असा: सील फोडलेलं नसेल तर तुळशीच्या लग्नापर्यंत वस्तू बदलून मिळेल, पैसे परत मिळणार नाहीत. त्यामुळे भाऊबीज झाली की दुसऱ्या दिवसापासून काउंटरवर वेगळी माणसं दिसू लागतात. दिवाळीआधी देणारे आलेले असतात, आता घेणारे येतात. घरी त्यांचं "छान आहे हो, कशाला एवढा खर्च केलास" म्हणून झालेलं असतं आणि ते तसंच राहणार असतं. काय जमलं नाही ते देणाऱ्याच्या कानावर कधीच जात नाही. आमच्याकडे मात्र ते मोकळेपणाने बोलतात, कारण आम्ही त्यांच्या नात्यातले नसतो.

सर्वांत जास्त परत येते ती मोठी पेटी. झाकण उघडलं की मजल्यावर मजले: तेलखडू, रंगीत पेन्सिली, स्केचपेनं, जलरंगाच्या वड्या आणि कोपऱ्यात एक केविलवाणा ब्रश. "चित्रकलेची आवड आहे, काहीतरी चांगलं दाखवा" म्हणणाऱ्याला ती एका नजरेत पटते. त्याला आवडीचं नाव माहीत असतं, आत काय चालतं ते माहीत नसतं. आणि पेटीत सगळंच असल्यामुळे काही चुकेल अशी भीती उरत नाही. पहिली-दुसरीतल्या मुलाला ती पेटी खरोखर आनंद देते. पण इंटरमिजिएट दिलेल्या मुलीच्या हातात ती पडली, की मुलगी आईला घेऊन आमच्याकडे येते. कला संचालनालयाच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएट या परीक्षांसाठी तिने स्थिरचित्रं, स्मरणचित्रं, संकल्पचित्रं काढून काढून पोस्टर कलरच्या कितीतरी बाटल्या संपवलेल्या असतात. कडा सरळ यायला कुठल्या नंबरचा चपटा ब्रश लागतो, हे तिला तोंडपाठ असतं. आजोबांनी हौसेने दिलेल्या पेटीत तिच्या उपयोगाचा एकही ब्रश नसतो.

आजोबांना तरी काय बोल लावायचा? त्यांच्यासाठी रंग म्हणजे कॅमल. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईपासून सुरू केलेल्या कॅम्लिनचा उंट त्यांच्या दप्तरात होता, त्यांच्या मुलांच्या दप्तरात होता. कंपनीच्या नावात आता जपानची कोकुयोही आली, तरी आजोबा काउंटरवर "कॅमलची पेटी द्या" असंच म्हणतात. नात मात्र तोवर ॲक्रिलिक मार्करकडे वळलेली असते. दोघांच्या मनातली चित्रकला एकच आहे असं दोघांनाही वाटत असतं.

एका दिवाळीत एक तरुण वडिलांसाठी जलरंगांचा चोवीस ट्यूबचा सेट घ्यायला आला. वडील बँकेतून निवृत्त झालेले. रविवारी सकाळी मित्रांबरोबर घाटावर नाहीतर एखाद्या जुन्या वाड्यासमोर बसून चित्रं काढतात, एवढं त्याला ठाऊक होतं. मी विचारलं, "त्यांच्या आत्ताच्या पेटीचा फोटो मिळेल का?" त्याने आईला गुपचूप मेसेज केला. पाच मिनिटांत फोटो आला आणि त्या फोटोने बरंच काही सांगितलं. अल्ट्रामरीन ब्लू आणि बर्न्ट सिएना या दोन ट्यूब शेपटीपासून गुंडाळत गुंडाळत पार सपाट झालेल्या. यलो ऑकर अर्ध्यावर. पांढरी ट्यूब जवळजवळ कोरी.

पांढरी कोरी, म्हणजे त्याचे वडील पारदर्शक पद्धतीने रंगवतात. पांढरं हवं तिथे कागदच मोकळा सोडतात. पोस्टर कलरवाल्याची पांढरी बाटली सगळ्यांत आधी संपते. तो निळा आणि तो तपकिरी एकत्र आले की छान करडा होतो. ढग, भिंतीवरची सावली, जुनं लाकूड, सगळं त्या करड्यातून निघतं. म्हणजे या गृहस्थांना नवे चोवीस रंग नको होते. जुने दोन हवे होते, आणि भरपूर हवे होते. मी मोठ्या आकारातल्या त्या दोन ट्यूब काढल्या आणि शेजारी ३०० जीएसएमच्या कॉटन कागदाचा पॅड ठेवला.

तरुणाचा चेहरा पडला. "एवढंच? दिसायला फारच लहान होईल हो."

ही अडचण खरी असते. देणाऱ्याला खोक्याचा आकार दिसतो, घेणाऱ्याला वापर. त्याला मी कागदाचं सांगितलं. एक चौरस मीटर कागदाचं वजन किती ग्रॅम, तो त्याचा जीएसएम. पातळ कागदावर पाणी पडलं की तो लाटांसारखा उठतो आणि रंग खळग्यांत जाऊन साचतो. ३०० चा कागद पाणी सोसतो. त्यातही कापसाचा असेल तर रंग उचलता येतो, वर पुन्हा हात फिरवता येतो. पण तो महाग. म्हणून हौशी चित्रकार रंगांवर खर्च करतात आणि कागदावर हात आखडतात. चांगला पॅड घेतलाच, तर "एखादं मोठं चित्र जमेल तेव्हा" म्हणून कपाटात ठेवून देतात आणि सराव पातळ कागदावरच चालू ठेवतात. दुसऱ्याने दिलेला कागद वापरायला मन धजतं. स्वतःच्या पैशाने घेताना जीव वर-खाली होतो, पण काम करताना जी उणीव रोज बोचते, ती वस्तू भेट म्हणून चांगली.

तेव्हापासून "त्यांना कसली आवड आहे?" हा प्रश्न मी मागे टाकला. आता पहिला प्रश्न असतो, "त्यांच्याकडचं काय संपत आलंय?" हा प्रश्न सगळ्या छंदांना लागू पडतो. स्पर्धा खेळणाऱ्या मुलासाठी वडील चुंबकाचा, घडी होणारा बुद्धिबळाचा पट निवडतात. तो गाडीत छान, सरावाला नाही. स्पर्धेतला राजा साडेनऊ सेंटिमीटर उंच असतो, चौकोन पाच ते सहा सेंटिमीटरचे. डोळ्याला त्या मापाची सवय लागावी म्हणून मुलं त्याच मापावर सराव करतात, आणि तो पट बहुधा घरात असतोच. संपते ती चाली लिहायची वही. भरतकाम करणाऱ्या बाईकडे धाग्यांच्या लडींचा ढीग असतो. तरी आठ मीटरच्या एका लडीतला नेमका पानांचा हिरवा संपलेला असतो आणि त्याचा नंबर तिला पाठ असतो.

हत्यारांचं मात्र वेगळं. ब्रश, निब, सुई, कात्री या वस्तू छंद करणाऱ्याच्या हाताने निवडायच्या असतात. परदेशी निबांचा सुंदर डबा कुणी कॅलिग्राफी करणाऱ्या भावासाठी नेतं आणि भाऊ तो घेऊन परत येतो. तो देवनागरी लिहितो. देवनागरीसाठी बोरूचं तोंड रोमन अक्षरांच्या उलट्या बाजूला तिरकं छाटतात. डबा देखणा आहे, महागही आहे, पण त्यातली एकही निब त्याच्या 'क'ला हवं तिथे जाडी देत नाही. अशा वेळी मी म्हणते, शाई द्या, कागद द्या. हत्यारच द्यायचं असेल तर त्यालाच दुकानात घेऊन या, हवं ते निवडू द्या आणि बिल तुम्ही भरा. यात गंमत कमी होते अशी लोकांची तक्रार असते. असेल. पण तो डबा पुढची दहा वर्षं खणात पडून राहण्यापेक्षा गंमत थोडी कमी झालेली बरी.

एवढं सगळं सांगता येतं ते रंग, निबा, बुद्धिबळ यांच्याबद्दल. गाडी खरी अडते ती आईपाशी. पाडव्याच्या आदल्या संध्याकाळी येणाऱ्या पुरुषांपैकी बऱ्याच जणांचं वाक्य ठरलेलं असतं: "बायकोला छंद असा काही नाही हो." मुलांचंही तेच. बाबांच्या छंदाविषयी ती भराभर बोलतात. कॅमेऱ्याचं मॉडेल सांगतात, किल्ल्यांची नावं सांगतात. आईवर आली की गप्प होतात. "आईला काय... ती घरातलंच करत असते." तिला विचारून बघितलंत का, म्हटलं तर उत्तर येतं, "विचारलं ना, काही नको म्हणाली."

ती तेच म्हणणार. आपल्याकडे काय हवं हे तोंडाने सांगणं म्हणजे मागणं, आणि ओवाळणी मागायची नसते असं तिला लहानपणीच कळलेलं असतं. म्हणून मी दुसऱ्या बाजूने जाते. "संध्याकाळी टीव्ही बघताना त्यांच्या हातात काय असतं?"

मग आठवायला लागतं. कुणाची आई रुमालाच्या कोपऱ्यात फुलं भरत असते. कुणाची पेपरातलं शब्दकोडं पेनने सोडवते, पेन्सिलीने नव्हे. कुणाच्या बायकोकडे ठिपक्यांच्या रांगोळ्यांची वही आहे. चैत्रांगणापासून भाऊबीजेच्या रांगोळीपर्यंत सगळं त्यात, आणि पानं संपल्यावर कॅलेंडरच्या पाठकोऱ्या बाजूंवर. कुणाची आई जुन्या सुती साड्या साठवते, कारण पुढच्या नातवंडाची गोधडी तिच्या डोक्यात तयार असते. बोलता बोलता समोरच्यालाच नवल वाटतं. वर्षानुवर्षं डोळ्यांसमोर चाललेली गोष्ट त्याने छंद म्हणून मोजलेलीच नसते.

न मोजण्याचं कारण मला काउंटरवरून दिसतं ते असं. तिच्या हातून निघतं ते घरात वापरलं जातं: दाराला तोरण, बाळाला टोपडं, टीव्हीवर रुमाल, उंबऱ्यापाशी रांगोळी. वापरात आलेली वस्तू घरकामाच्या खात्यात जमा होते. बाबांच्या छंदाला कपाट असतं, रविवार असतो, 'त्यांना त्रास देऊ नका' असा दरारा असतो. आईचा छंद बिस्किटाच्या जुन्या डब्यात, दिवाणाखाली असतो. तो कुकरच्या दोन शिट्ट्यांमध्ये बाहेर येतो आणि दाराची बेल वाजली की आत जातो.

दिवाळीनंतर एक बाई क्रोशाचा सेट बदलायला आल्या होत्या. रंगीबेरंगी ॲल्युमिनियमच्या जाड सुया आणि मऊ लोकरीचे गुंडे. लेकीने पहिल्या पगारातून घेतलेले. बाईंनी पिशवीतून स्वतःचं काम काढून काउंटरवर पसरलं. बारीक सुती धाग्याचं तोरण, त्यातला मोर जेमतेम बोटभर. ते होतं पोलादी सुईने, तिचं टोक मिलिमीटरभर जाडीचं. "लोकर मी कधी हातात धरली नाही," त्या म्हणाल्या, "पण पोरीला वाटतं आई 'विणते'." आवाजात तक्रार अजिबात नव्हती, थोडं हसूच होतं. मग कुठल्या धाग्याची चमक धुतल्यावर टिकते, कुठला उसवताना फुसका होतो, याचा त्यांनी आमच्या नव्या मुलीला असा धडा दिला, की काका गल्ल्यावरून उठून ऐकायला आले. सेट बदलून त्यांनी धाग्याची रिळं नेली. जाताना बजावून गेल्या: मुलगी आली तर सांगू नका, दुसऱ्या रंगाचा घेतला म्हणा.

याच्या उलट एका धाकट्या भावाने केलं. कॉलेजात शिकणारा मुलगा, लोकरीच्या गुंड्यावरची चुरगळलेली कागदी पट्टी घेऊन आला. ताईने स्वेटर घातला होता विणायला, मध्येच थांबला, सुयांसकट बाजूला पडलाय, एवढंच त्याला माहीत होतं. पट्टीवर शेडचा नंबर होता आणि त्याखाली लॉट नंबर. लोकर कढईकढईने रंगवली जाते. एकाच शेडच्या दोन लॉटमध्ये किंचित फरक पडतो. दुकानाच्या दिव्यात तो दिसत नाही, उन्हात गेलं की स्वेटरच्या पोटावर आडवी रेघ उमटते. ताईचं काम त्यामुळेच अडलं असणार: लोकर संपली, दुसऱ्या लॉटची चालत नव्हती. आम्ही मागच्या खोलीतली खोकी उपसली. त्याच लॉटचे दोन गुंडे निघाले. भाऊबीजेच्या ताटात घालायला ती रक्कम फारच किरकोळ होती. त्याने वरचे पैसे पाकिटात घालायचे ठरवले. पण अर्धवट पडलेल्या कामाकडे त्याचं लक्ष होतं, याची किंमत बिलात लिहायला जागा नाही.

कधी हवी असलेली वस्तू आमच्या दुकानात नसतेच. "आई हल्ली भरतकाम करत नाही, आवड गेली तिची" असं म्हणणाऱ्या एका ताईंना मी आईचं वय विचारलं. साठीच्या पुढे. काम कधी करायच्या? रात्री, सगळं आवरल्यावर. आवड गेलेली नसावी, डोळे थकले असावेत. ट्यूबलाइटच्या उजेडात काळ्या कापडावर गडद धागा तरुणालाही दिसत नाही. त्यांना मी तपकीर गल्लीत पाठवलं, भिंग बसवलेला, टेबलाला अडकवायचा दिवा घ्यायला. आमच्याकडून त्यांनी फक्त सुईत धागा ओवायची तार नेली. काकांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं, पण बोलले नाहीत.

एका प्रकारच्या खरेदीपुढे मात्र माझे सगळे प्रश्न हरतात. मोबाइल सुटावा म्हणून मुलाला रंग, निवृत्तीनंतर घरात चिडचिड नको म्हणून सासऱ्यांना ईझल, मन रमावं म्हणून एकट्या राहणाऱ्या काकूंना मंडला रंगवायची पुस्तकं. काय संपलंय विचारावं तर काहीच सुरू झालेलं नसतं. देणाऱ्याची काळजी खरी असते, पण ती भेट त्या माणसाने कसं असावं हे सांगत येते, आणि घेणाऱ्याला ते बरोबर ऐकू जातं. अशा वस्तू बदलायलाही फारशा येत नाहीत; त्या कपाटावर जातात. तेव्हा मी एवढंच सुचवते, की लहान घ्या: एक वही, दोन पेन्सिली. पुढे लागलं तर आम्ही आहोतच. सुरुवात झाली तर तो माणूस स्वतःच येईल, आणि तेव्हा त्याला कुणी ढकललेलं नसेल.

हल्ली लोक वस्तू आमच्याकडे हाताळून बघतात, फोटो काढतात आणि ऑनलाइन मागवतात. सेटच्या बाबतीत त्यांना स्वस्तही पडतं. पण एक सुटी ट्यूब, एक लड, त्याच लॉटचा गुंडा, यासाठी अजून दुकानच लागतं. त्यामुळे माझे प्रश्न विचारले की बिल लहान होतं, हे काकांचं गाऱ्हाणं अर्धंच खरं. लहान बिलाचं गिऱ्हाईक संक्रांतीला पुन्हा दिसतं.

गणपतीच्या सजावटीचं सामान न्यायला नेहमीची माणसं येतात, तेव्हाच मी आता विषय काढून ठेवते: दिवाळीला अवकाश आहे, तोवर घरात कोण काय करतंय ते जरा बघून ठेवा. काही जण हसतात. काही जण भाऊबीजेच्या आदल्या दिवशी धापा टाकत येतात, माझ्या प्रश्नाला उत्तर नसतं, आणि "थांबा, घरी जाऊन बघून येतो" म्हणून निघून जातात. काकांना वाटतं गिऱ्हाईक गेलं. त्यातले पुष्कळ जण दुकान बंद व्हायच्या आत परततात. कुणाच्या मोबाइलमध्ये फोटो असतो, कुणाच्या खिशात धाग्याचा तुकडा. जे परतत नाहीत ते शेजारच्या दुकानातून मोठी पेटी घेत असावेत. घेऊ देत. ती बदलायचं काम मग माझ्याकडे येत नाही.